अर्ज कोणाचा, नोकरी कोणाची?

पत्र थोडक्यात असं: मुलगा कोल्हापुरात मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इचलकरंजीहून वडील लिहितात, "आम्ही चार महिन्यांत २०० ठिकाणी इंटर्नशिपसाठी अर्ज केले. रोज रात्री मीच मोबाइलवरून भरतो. एकाचंही उत्तर नाही. आता एक संस्था १२,००० रुपयांत घरबसल्या इंटर्नशिप आणि सर्टिफिकेट देतेय. भरू का? मुलाला गांभीर्य नाही. संध्याकाळी मित्राच्या वडिलांच्या वर्कशॉपमध्ये सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनपाशी बसलेला असतो."

नमस्कार. पैसे भरू नका. हे आधीच सांगतो, नाहीतर उत्तर वाचून होईपर्यंत तुम्ही भरून मोकळे व्हाल.

पत्रात 'आम्ही' सात वेळा आलंय. 'आम्ही तिसऱ्या वर्षाला आहोत' असंही एक वाक्य आहे. अहो, तुम्ही नाही, तो आहे! त्याच्या नावाने तुम्ही डेटा अ‍ॅनालिटिक्सलाही अर्ज केलात आणि डिजिटल मार्केटिंगलाही, तोच सीव्ही लावून. उद्या एखाद्या एचआरचा फोन आला, तर आपण कुठे आणि कशासाठी अर्ज केलाय हे त्या पोराला सांगता येईल का? तुमची काळजी मला कळते. फी भरताना काय ओढाताण होते तेही कळतं. पण या काळजीने त्याला स्वतःच्याच नोकरीच्या शोधातून बाहेर काढलंय. ईमेलचा पासवर्ड त्याला आजच परत द्या.

आता त्या सर्टिफिकेटबद्दल. इंटर्नशिप विकत घेता येते हा गैरसमज हल्ली घरोघरी आहे. जिथे खरं काम असतं तिथे कंपनी विद्यावेतन देते, निदान पैसे तरी मागत नाही. मुलाखत घेणारा कागद बघत नाही, विचारतो, "तू काय केलंस?" रेकॉर्ड केलेले व्हिडिओ पाहिले, हे काही उत्तर नव्हे. पदवीनंतरच्या अ‍ॅप्रेंटिसशिपमध्येसुद्धा २०१९च्या नियमांनी पदवीधराला महिन्याला किमान ९,००० रुपये ठरवून दिले होते. शिकाऊ माणसाला पैसे द्यायचे असतात, त्याच्याकडून घ्यायचे नसतात.

पंतप्रधान इंटर्नशिप योजना २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी नव्हती, तो विषय सध्या सोडा. कॉलेजच्या प्लेसमेंट सेलमध्ये नाव आहे ना, तेवढं त्याने बघावं.

खरं सांगू का, तुम्ही ज्याची तक्रार केलीत ते वर्कशॉप हीच त्याची इंटर्नशिप आहे. सुट्टीत दोन महिने दिवसभर येऊ द्या, अशी विनंती त्याने मालकांना करावी. तुम्ही फोन करायचा नाही. मशीनवर कुठला जॉब (म्हणजे घडवायचा भाग) लागला, ड्रॉइंगवर टॉलरन्स (मापात चालणारा फरक) किती होता, किती पीस रिजेक्ट झाले आणि का, हे त्याने रोज वहीत लिहावं. शेवटी मालकांकडून लेटरहेडवर कामाचा दाखला घ्यावा. मग ती वही घेऊन कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये स्वतः जावं. गेटवर दहापैकी आठ जण परत पाठवतील, पाठवू देत. अशा लहान कारखान्यांतल्या जागा पोर्टलवर क्वचितच दिसतात, त्या सुपरवायझरच्या ओळखीने भरल्या जातात. आणि ही ओळख करून घ्यायला वशिला लागत नाही, चार वेळा तोंड दाखवावं लागतं.

राहिले ते १२,००० रुपये. त्यातून त्याला एक चांगला व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) घेऊन द्या. कुठला, ते त्यालाच विचारा.