घराला खेटून असलेलं उंच झाड आणि वीज: आधी जमिनीखालचं काम बघा

तुमचे प्रश्न थोडक्यात असे: घराच्या भिंतीपासून अडीच मीटरवर, छताच्या बरंच वर गेलेलं जुनं झाड आहे. ते विजेपासून वाचवता येईल का? तांब्याची तार लावली तर ती उलट वीज ओढून घेईल का? की सरळ शेंडाच उतरवून टाकावा? उलट्या क्रमाने घेतो.

शेंडा अजिबात उतरवू नका. मोठ्या झाडाचा माथा उडवला की त्या जखमा नीट भरत नाहीत, तिथून कुज आत शिरते आणि भोवती फुटणारे धुमारे बुडाशी कच्चे असतात. दहा वर्षांनी तेच धुमारे वाऱ्यात छतावर येतील. शिवाय दोन-तीन मीटर कमी झाले तरी आसपास तेच झाड सर्वांत उंच राहणार असेल तर विजेच्या हिशेबात काहीच बदलत नाही.

तार वीज ओढते ही समजूत सगळीकडे आहे. अहो, वीस मीटरच्या झाडावर हातभर सळई चढवून उंची ती किती वाढणार? वीज पडण्याची शक्यता जवळपास आहे तेवढीच राहते. बदलतो तो वीज पडल्यानंतरचा रस्ता. तार नसेल तर हजारो अँपिअरचा प्रवाह (30,000 हा नेहमी सांगितला जाणारा आकडा) सालीखालच्या ओलसर थरातून खाली उतरतो. तिथला रस क्षणात वाफ होतो आणि वाफ साल फोडून बाहेर पडते. वीज पडलेल्या झाडावर शेंड्यापासून बुंध्यापर्यंत उतरत गेलेला सोललेला पट्टा पाहिला असेल. तो बऱ्याचदा पिळदार असतो, कारण प्रवाह लाकडाच्या धाग्याच्या पिळाबरोबर जातो. पावसात चिंब भिजलेलं, गुळगुळीत सालीचं झाड कधीकधी नुसत्या ओरखड्यावर सुटतं, कारण प्रवाह बाहेरच्या पाण्यावरून निसटतो. त्या भरवशावर मात्र राहता येत नाही.

तुमच्या बाबतीत झाडापेक्षा घराची काळजी मोठी आहे. लाकूड हा वाईट वाहक, त्यामुळे निम्म्या वाटेवर प्रवाहाला जवळ वायरिंग, नळ किंवा लोखंडी गज सापडला तर तो झाड सोडून तिकडे उडी मारतो. अमेरिकेच्या एनएफपीए 780 या वीज-संरक्षणाच्या मानकात बुंधा इमारतीपासून 3 मीटरच्या आत असेल किंवा फांद्या छपराच्या वर जात असतील तर झाडाला संरक्षण द्या असं सुचवलंय, ते याचसाठी. तुमचं झाड दोन्हींत बसतं. हेच झाड घरापासून लांब, बरोबरीच्या उंचीच्या घोळक्यात असतं तर मी तुम्हाला खर्चात पाडलं नसतं. आणि बुंधा आतून पोकळ असेल तर आधी जाणकार वृक्षतज्ज्ञाकडून तो तपासून घ्या. उद्या पडणाऱ्या झाडाला तांबं चढवण्यात अर्थ नाही.

आता रचना. शेंड्याजवळ छोटी सळई, तिथून खोडाला धरून खाली येणारी अनेक तारांच्या पिळाची तांब्याची दोरी, मोठ्या उपफांद्यांवरून येऊन तिला मिळणाऱ्या बारीक दोऱ्या आणि शेवटी अर्थिंग. खोडाचा व्यास सुमारे 90 सेंटीमीटरच्या वर असेल तर समोरासमोर दोन दोऱ्या उतरवतात. वळणं सैल हवीत, कमीत कमी 20 सेंटीमीटर त्रिज्येची. दोरी कुठेही खाली जाऊन परत वर चढता कामा नये, कारण विजेला काटकोन आवडत नाही आणि ती तिथूनच बाहेर उडी घेते. तांब्याचे खिळे झाडाला मारतात अशी भीती घालणारं कोणीतरी भेटेलच, पण मोठ्या निरोगी झाडाला अशा खिळ्यांनी काही होत नाही. तांब्याच्या दोरीला लोखंडी खिळे मात्र ठोकू देऊ नका, सांध्यावर गंज धरतो. अॅल्युमिनियमही नको, मातीत ते टिकत नाही.

सगळ्यांचं लक्ष वरच्या सळईकडे असतं आणि खरं काम बिघडतं जमिनीत. दोरी बुंध्याला आली की तिथेच रॉड ठोकून मोकळं होणारे लोक आहेत. मग सगळा प्रवाह नेमका मुळांच्या गर्दीत सोडला जातो. बुंध्यापासून बाहेरच्या दिशेने, घराच्या उलट बाजूला, हाताने उथळ चर खणायचा, जाड मुळं न तोडता त्यांच्याखालून दोरी सरकवायची आणि शक्यतो फांद्यांच्या घेराबाहेर अडीच-तीन मीटर लांबीचा रॉड पुरायचा. जमीन खडकाळ असेल तर एक खोल रॉड जमत नाही, तिथे उथळ चरातच जास्त लांबीची तार दोन-तीन दिशांना पसरवतात. काम झाल्यावर अर्थ टेस्टर लावून रोध (जमिनीत उतरताना प्रवाहाला होणारा अडथळा) मोजून मागा. 10 ओहमच्या आत हे नेहमीचं लक्ष्य. मोजायला कां-कूं करणाऱ्याला काम देऊ नका.

जवळ घराचं अर्थिंग, धातूची पाइपलाइन किंवा फांद्यांना आधार म्हणून बांधलेला पोलादी दोर असेल तर तो या रचनेला जोडलेला हवा. वेगळं ठेवलं तर सुरक्षित, असं वाटतं खरं, पण दोन सुट्या अर्थिंगांमध्ये त्या क्षणी विजेच्या दाबाचा (व्होल्टेजचा) प्रचंड फरक तयार होतो आणि ठिणगी पडते. झाडाला गुंडाळलेल्या शोभेच्या दिव्यांची वायर थेट घराच्या बोर्डात जात असेल तर ती आजच काढा. ते विजेला दिलेलं घरचं आमंत्रण आहे. आणि झाडावरची तार थेट घरावर पडणाऱ्या विजेपासून घराचं रक्षण करत नाही, त्यासाठी घराला स्वतःची व्यवस्था वेगळी लागते.

‘अमुक मीटर परिसर सुरक्षित’ असं सांगून खास डोक्याची महागडी सळई विकायला कोणी आलं तर हात जोडा. न्यू मेक्सिकोतल्या एका डोंगरमाथ्यावर संशोधकांनी काही वर्षं निरनिराळ्या सळ्या शेजारी शेजारी उभ्या करून पाहिल्या होत्या (निष्कर्ष 2000 साली छापून आले). वीज पडली ती साध्या, बोथट टोकाच्या सळ्यांवर; सुईसारख्या टोकदार सळ्यांवर आणि त्या खास डोक्यांवर नाही.

बसवलं आणि विसरलं असं हे काम नाही, कारण झाड वाढतं. क्लॅम्प सालीपासून थोडा सुटा ठेवणारे मिळतात, तेच घ्या. नाहीतर काही वर्षांत साल दोन्ही बाजूंनी फुगून दोरीवर ओठासारखी मिटते आणि मग ती सोडवताना झाडही सोलतं आणि दोरीही तुटते. शेंडा सळईच्या वर गेला की सळई वर सरकवायची. पावसाळी वादळांचा हंगाम सुरू होण्याआधी एकदा दुर्बीण घेऊन वरपासून खालपर्यंत नजर फिरवा. बुंध्याजवळचा सांधा हाताने हलवून बघा, गवत कापणाऱ्या यंत्राचा फटका बसतो तो तिथेच.

तार लावण्याआधीच वीज पडली तर लगेच कुऱ्हाड काढू नका. घरावर येऊ शकणाऱ्या तुटक्या फांद्या तेवढ्या उतरवा. सुटलेली साल आतून अजून ओली असेल तर तीच जागेवर बसवून बारीक खिळ्यांनी धरा आणि ओल्या गोणपाटाने झाका. पाणी द्या. बाकीचा निर्णय एक हंगाम थांबून, कारण मुळांचं नुकसान वरून लगेच दिसत नाही. आणि संरक्षण असलं तरी गडगडाट सुरू झाल्यावर झाडाखाली कोणी थांबायचं नाही.

झाडाची जात, छातीच्या उंचीवरचा घेर, माती कशी आहे आणि घराचं अर्थिंग कोणत्या बाजूला आहे हे कळवलंत तर दोऱ्या किती लागतील आणि चर कुठून न्यावा ते सांगतो.