'उत्साहावर पाणी फिरवणे' याला इंग्रजीत काय म्हणतात? – उत्तर

तुम्ही एक शब्दप्रयोग मागितलाय, पण एकाने भागत नाही. क्लासच्या नोट्समध्ये 'पाणी फिरवणे = पोअर कोल्ड वॉटर ऑन' असं बेधडक छापलेलं असतं. घोटाळा तिथूनच सुरू होतो.

मराठीत पाणी फिरतं ते बहुधा झालेल्या कष्टांवर. समजा, पिंपळगाव बसवंतच्या द्राक्ष बागायतदाराला परदेशी ग्राहकाला कळवायचंय की ऐन काढणीत अवकाळी झाला, पिकलेले मणी तडकले, माल निर्यातीतून बाद. 'द रेन पोअर्ड कोल्ड वॉटर ऑन अवर हार्वेस्ट' लिहिलं तर समोरच्याला वाटेल, गडी कोटी करतोय. इंग्रजीतलं थंड पाणी बेतावर पडतं, आणि बहुतेक वेळा माणूसच ते नुसत्या शब्दांनी ओततो. पिकासाठी सरळ 'रुइन्ड' लिहावं. पुढच्या हंगामात बागेवर प्लॅस्टिक टाकायचं म्हटल्यावर काका 'एवढा खर्च झेपणार आहे का?' म्हणाले, तर ते कोल्ड वॉटर. आपल्याकडे त्याला विरजण म्हणतात.

'ऑन'पुढे आयडिया, प्लॅन, प्रपोजल असं काहीतरी हवं. 'ऑन मी' लिहिलंत तर खरोखरच बादली ओतली असा अर्थ होतो. 'रेन ऑन समवन्स परेड' म्हणजे कोणाच्या आनंदावर विरजण घालणं. त्याचं उलट, तिथे परेड कोणाची ते सांगावंच लागतं: 'माय', 'युअर', 'हर'. 'आय हेट टू रेन ऑन युअर परेड, बट...' ही तर वाईट बातमीआधीची ठरलेली प्रस्तावना.

'वेट ब्लँकेट' म्हणजे माणूस. आग ओल्या घोंगडीने विझवतात, त्यावरून आलेलं. पण म्हणून त्याचं 'भिजत घोंगडं' करू नका, कृपा करून! आपलं भिजत घोंगडं म्हणजे रखडलेलं काम. वेट ब्लँकेट म्हणजे चाललेल्या गमतीत तोंड पाडून बसणारा. सहलीचा बेत निघाला की 'सोमेश्वरला आज गर्दी असेल' म्हणणारा.

'निप इन द बड' या यादीत घुसडतात, तेही चूक. ते सहसा वाईट गोष्ट वेळीच खुडण्यासाठी.

हे सगळं बोलीतलं. साहेबांबद्दल मेल लिहिताना 'रेज्ड सम कन्सर्न्स' पुरे. अमेरिकेत 'पोअर'ऐवजी 'थ्रो'ही ऐकू येईल, अर्थ तोच.

आणि हो, परीक्षा द्यायची असेल तर नोट्समधलंच लिहा. तपासणाऱ्याकडेही त्याच नोट्स असतात.