कूलंट कमी, वॉरंटी नाही: फोंड्याच्या वाचकाला उत्तर

फोंड्याहून एका वाचकांनी लिहिलंय. सत्तर लाखांच्या आसपासची दोन सीटची स्पोर्ट्स कार, इंजिन मागे, वॉरंटी चालू. बेळगावहून येताना चोर्ला घाटात कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, दिवा लागला, पण टेंपरेचरचा काटा नॉर्मल दिसत होता म्हणून साखळीपर्यंत आणली आणि तिथे इंजिन बसलं. इंजिनचं हेड वाकलं, त्याखालचं गॅस्केट, म्हणजे सील, गेलं. डीलरने वॉरंटी नाकारली, कारण अटींमध्ये लिहिलंय की कूलंटची पातळी मालकाने नियमित बघायची आणि ती कमी होत असेल तर ताबडतोब कळवायचं. अशी पत्रं बरीच येतात, फक्त गाडी वेगळी असते, त्यामुळे वॉरंटी म्हणजे काय आणि ग्राहक कोण हे परत सांगत नाही. गाडी तुमच्या एखाद्या कंपनीच्या नावावर असेल तर मात्र आधी कळवा, मग तुम्ही कायद्याने ग्राहक ठरता का हे गणित बदलू शकतं.

पत्राच्या अगदी शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की त्याआधीच्या दोन महिन्यांत तीनदा कूलंट भरावं लागलं, दोनदा डीलरच्या सर्व्हिस ॲडव्हायझरला फोनवर सांगितलं आणि एकदा टाकीचा फोटो व्हॉट्सॲप केला, त्यावर त्याचं उत्तर आलं की टॉप अप करा, पुढच्या सर्व्हिसला बघू. अहो, तुमची केस म्हणजे हा एक मेसेज आहे! कूलिंग सिस्टिम बंद आणि प्रेशरखाली असते, त्यातलं कूलंट पेट्रोलसारखं खर्च होत नाही. थंड इंजिनवर बघितलेली पातळी पुन्हा पुन्हा टाकीवरच्या मिन खुणेच्या खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे, पंप, होस, रेडिएटर, किंवा आधीच गेलेलं गॅस्केट. तुमच्यासारख्या गाडीत रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे असतं, मधले पाइप गाडीच्या पोटाखालून जातात, तिथली बारीक गळती पार्किंगमध्ये डाग न पडताही चालू राहू शकते. म्हणजे तुम्ही पातळी बघितली, कळवली, आणि गाडी आत घ्यायचं त्यांनी टाळलं. ज्या कलमावर ते उभे आहेत ते कलम तुम्ही पाळलंय, आणि अपवादाचं कलम लागू होतं हे दाखवायची जबाबदारी साधारणपणे ते कलम पुढे करणाऱ्यावर असते.

राग येतो तो त्या दोन फोनचा. इतक्या महागड्या गाडीची तक्रार तोंडी? जॉब कार्ड, म्हणजे तक्रारीची वर्कशॉपमधली लेखी नोंद, मागितलं असतं तर आज हे पत्र लिहायची वेळच आली नसती. असो, आता तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, चॅट डिलीट करू नका. स्क्रीनशॉट पुरेसा नाही, भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 चं प्रमाणपत्र सोबत लागेल, ते वकिलाकडून नीट करून घ्या.

दिवा लागल्यावर गाडी चालवली ही तुमची कच्ची बाजू आहे, ती लपवू नका. काटा नॉर्मल होता हे खरं असू शकतं, कारण सेन्सरभोवती कूलंटच उरलं नाही तर तो वाफेचं किंवा हवेचं तापमान दाखवतो आणि काटा फसवतो. पण ग्राहक आयोग हे किती मानेल ते सांगता येत नाही, भरपाई थोडी कापलीही जाऊ शकते. इसीयूत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, फॉल्ट कोडबरोबर त्या क्षणाचा डेटा राहतो, तो पुसायच्या आत त्याची प्रत लेखी मागा. इंजिन उघडायच्या संमतीवर तर सहीच करू नका, कारण ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 38 खाली आयोगाकडून तपासणी मागायची असेल तर इंजिन आहे तसं राहायला हवं.

आता तारीख. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69, तक्रार दाखल करायला दोन वर्षं. तुम्ही नकाराच्या पत्रापासून मोजताय, मी गाडी बंद पडली त्या दिवसापासून मोजेन, म्हणजे सोळा महिने गेलेच. ईमेल पाठवत राहिल्याने मुदत वाढत नाही, हे कितीही वेळा सांगितलं तरी लोक ईमेलच पाठवत राहतात. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण लागतं आणि 'डीलर बघतो म्हणाला' हे फारच लंगडं कारण आहे. मोजलेली किंमत पन्नास लाखांच्या वर आणि दोन कोटींच्या आत, म्हणून जिल्हा आयोगात नाही, पणजीला राज्य आयोगात. डीलर आणि गाडी बनवणारी कंपनी दोघांनाही पार्टी करा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतील. कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी असेल तर पाच असं लिहिलंय. प्रत्यक्षात वर्षं जातात आणि तोपर्यंत गाडी गंजते, याची चीड मलाही आहे, पण उशिरा दाखल केल्याने ते लवकर होणार नाही.

याच आठवड्यात नोटीस स्पीड पोस्टने जाऊ दे, तो मेसेज तारखेसकट त्यात उतरवून. वर्कशॉपवाले पार्किंगचे पैसे मागतायत ते भरायचेच झाले तर पावतीवर 'हक्क राखून' असं लिहून भरा.