घरी सायट्रान्स करण्यासाठी कोणता सिंथेसायझर घ्यावा आणि 'मूळ गोव्याचा आवाज' कसा मिळवावा?

तुमचा प्रश्न असा आहे की साठ हजार रुपये हाताशी आहेत, साताऱ्यात स्वतःची एक खोली आहे, नव्वदच्या दशकातील गोवा ट्रान्सच्या (म्हणजे सायट्रान्सच्या आधीच्या रूपाच्या) सीडी जमवण्याचा नाद आहे आणि आता स्वतः संगीत करायचे आहे, तर कोणता सिंथेसायझर घेतला म्हणजे 'मूळ गोव्याचा आवाज' मिळेल. पहिल्या भागाचे उत्तर एका वाक्याचे आहे: सिंथेसायझर घेऊ नका. दुसऱ्या भागातील 'मूळ' या शब्दापायी माझी नऊ वर्षे चुकीच्या वाटेने गेली आणि एक चांगला स्नेह तुटला, म्हणून त्याबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे.

माझ्या वडिलांचे म्हापशात रेडिओ आणि टेप दुरुस्तीचे दुकान होते. पावसाळा सरला की हणजूण, वागातोर, हरमल या भागांत उतरलेले परदेशी लोक अ‍ॅम्प्लिफायर, वॉकमन आणि पुढे पुढे डॅट यंत्रे घेऊन दुकानात येऊ लागले. गोव्याच्या उन्हात तबकड्या वाकत आणि वाळूने खराब होत, त्यामुळे तिथले डीजे तबकड्यांऐवजी टेपवरच वाजवत. १९८७ साली बाजारात आलेली डॅट ही काड्यापेटीहून थोडी मोठी डिजिटल टेप त्यांना फार सोयीची पडली. या छोट्या यंत्रांवर गती कमी-जास्त करण्याची सोय नव्हती, त्यामुळे दोन रचनांचे ठोके जुळवता येत नसत. गोवा ट्रान्सच्या रचनांना सुरुवातीला आणि शेवटी ठोक्यांविना तरंगणारा एवढा लांब भाग का असतो, याचे एक मोठे कारण हे आहे. ज्याला लोक या संगीताचे अध्यात्म म्हणतात, त्याचा काही भाग तरी त्या यंत्राच्या मर्यादेतून आलेला आहे, आणि त्यामुळे माझ्या मनातली त्याची किंमत जराही कमी होत नाही.

१९९७ च्या मार्चमध्ये एक जण सोनीचे टीसीडी-डी७ हे डॅट यंत्र आणि त्याबरोबर अकरा टेप दुकानात ठेवून गेला. पावतीपुस्तकात बाबांच्या तिरप्या अक्षरात 'वागातोर, निळी स्कूटर, हेड साफ करणे, आवाज तुटतो' एवढीच नोंद आहे, नाव नाही. तो माणूस परत आला नाही. पुढच्या हंगामात येईल, असे म्हणत बाबांनी ते यंत्र सहा वर्षे पत्र्याच्या डब्यात सांभाळले आणि २००३ साली माझ्या हातात दिले. तोपर्यंत कोकणच्या हवेने चार टेप खाल्ल्या होत्या. झाकण उचलून खिडकीच्या उजेडात तिरपे धरले की टेपच्या कडेवर पिठासारखी पांढरी बुरशी दिसे, आणि अशी टेप यंत्रात घातली की फिरणारे हेड दोन मिनिटांत माखून जाई. उरलेल्या सात टेपांपैकी एकीवर पेन्सिलीने फक्त '१२०' लिहिलेले होते, आणि तिच्यावरची नववी रचना ऐकून मी त्या रात्री झोपू शकलो नाही. ती रचना मला आजवर कोणत्याही सीडीवर सापडलेली नाही.

२००४ साली मुंबईत लॅमिंग्टन रोडवर शोधून डिजिटल जोडणीची खास केबल मिळवली आणि टेप संगणकावर उतरवल्या. इथे माझी चूक झाली. ती टेप सेकंदाला आवाजाच्या ४८,००० नमुन्यांच्या दराने भरलेली होती आणि माझ्या संगणकातील फाइल ४४,१०० ची म्हणून नोंदली गेली. नमुने सगळेच्या सगळे आले, पण वाजताना मात्र सावकाश वाजू लागले. मूळ १४५ बीपीएमची (मिनिटाला १४५ ठोक्यांची) रचना माझ्याकडे १३३ ची झाली आणि स्वर जवळजवळ दीड पट्टीने उतरला. तोवर बाबांचे यंत्र बंद पडले होते, त्यामुळे मूळ टेपशी ताडून पाहण्याचा मार्गही उरला नव्हता.

२००६ मध्ये पुण्यातील एका स्नेह्यांची ओळख झाली. वयाने मोठे, सतार शिकलेले, संग्रह माझ्या तिप्पट. त्यांना ही रचना ऐकवली तेव्हा त्यांनी पेटी काढली आणि बासचा षड्ज शोधू लागले. तो पांढरी तीन आणि पांढरी चार यांच्या बरोबर मध्ये पडत होता, म्हणजे जिथे पेटीवर काळी पट्टीसुद्धा नाही अशा जागी. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "अहो, हा माणूस तानपुरा लावून बसला असणार. ही श्रुती आहे. खरा गोव्याचा आवाज हाच, संथ आणि आपल्या मातीतला. पुढे लंडनवाल्यांनी त्याला वेगाने पळायला लावले." मी ते मनापासून मानले. पुढची सात वर्षे मी माझे सगळे सिंथ ४७ सेंट (एका पट्टीचे शंभर सेंट) खाली लावून, १३३ च्या गतीवर रचना करत राहिलो आणि त्या का जमत नाहीत याचा दोष स्वतःच्या कानाला देत राहिलो.

२०१३ च्या पावसाळ्यात संग्रहाची यादी करायला बसलो. एका रकान्यात टेपवरची नोंद लिहायची आणि दुसऱ्यात फाइलची लांबी. त्या टेपसमोर '१२०' लिहिले आणि शेजारी २ तास ८ मिनिटे. १२० मिनिटांच्या टेपमध्ये एखाद-दुसरे मिनिट जास्त असते, आठ नसतात. बाबांच्या जुन्या पावतीच्या मागे ४४,१०० भागिले ४८,००० मांडले, लांबीला गुणले आणि ११८ मिनिटे आली. मग फाइलची शीर्षनोंद (फाइलच्या सुरुवातीला दर लिहिलेला असतो ती) ४८,००० केली; एकही नमुना बदलला नाही, फक्त तो आकडा बदलला. नववी रचना लावली. मधोमध एक माणूस इंग्रजीत दोन वाक्ये बोलतो. नऊ वर्षे तो मला म्हातारा वाटत होता, आता तो पंचविशीतला तरुण निघाला. जो षड्ज ४२.५ हर्ट्झवर अधांतरी होता तो ४६.२५ वर, म्हणजे नेमका काळी तीनवर जाऊन बसला.

दुसऱ्याच दिवशी मी पुण्याला गेलो. त्यांनी शांतपणे दोन्ही ऐकले आणि म्हणाले, "तुम्ही आकडे मोजता, आम्ही कानांनी ऐकतो. मला पहिलेच खरे वाटते." त्यांनी ती सावकाश प्रत 'मूळ गोवा, श्रुतीबद्ध' या नावाने लोकांना देणे चालू ठेवले आणि मी त्यांच्याकडे जाणे बंद केले. सावकाश प्रत आवडण्याला माझी काहीच हरकत नाही, मलाही ती आवडत होती; पण संग्राहकाने चुकीच्या वस्तूवर 'मूळ' अशी चिठ्ठी जाणूनबुजून लावणे हा मी अपराध मानतो. आपल्या संगीताशी नाते दाखवायचेच असेल तर ते स्वरसमूहात दाखवता येते. गोवा ट्रान्समध्ये वारंवार येणारा कोमल ऋषभ, शुद्ध गंधार, कोमल धैवत आणि कोमल निषादाचा मेळ आपल्या कानाला बसंत मुखारीच वाटतो, आणि ते दाखवायला कोणत्याही फाइलचा दर बिघडवावा लागत नाही.

आता तुमच्या साठ हजारांबद्दल. निम्मे पैसे चांगले बंद हेडफोन आणि साधा ऑडिओ इंटरफेस (संगणकाला जोडायची आवाजाची पेटी) यांवर घाला. स्पीकर आत्ता नकोत, कारण ४६ हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साडेसात मीटरच्या आसपास असते आणि दहा बाय बारा फुटांच्या खोलीत बासबद्दल स्पीकर तुम्हाला खरे सांगणार नाहीत. सर्ज एक्सटी हा संगणकावर चालणारा सिंथ फुकट मिळतो, व्हायटलचीही फुकट आवृत्ती आहे, आणि रीपर या संगीत जुळवण्याच्या सॉफ्टवेअरचा घरगुती परवाना ६० डॉलरला येतो. एवढ्यावर पहिले वर्षभर फक्त किक (ढोलाचा मुख्य ठोका) आणि बास करा. १४५ च्या गतीला एका ठोक्याचे चार भाग केले की एक भाग १०३ मिलिसेकंदांचा होतो. पहिल्या भागात किक, उरलेल्या तिघांत बास. किकची शेपटी पहिल्या बासच्या अंगावर येता कामा नये आणि बासचा प्रत्येक स्वर पुढचा सुरू होण्याआधी मिटला पाहिजे. करवती लहर (सॉ वेव्ह) घ्या, लो-पास फिल्टर (वरचा आवाज कापणारा) झटकन मिटेल असा लावा आणि ऑसिलेटरची (सिंथमधल्या लहर निर्माण करणाऱ्या भागाची) लहर प्रत्येक स्वराला एकाच जागेपासून सुरू होईल असे पाहा, नाहीतर एक ठोका भरीव आणि पुढचा पोकळ असा बास येईल व तुम्ही उगाच इक्वलायझर फिरवत बसाल. किक ज्या स्वरावर विसावते तो बासच्या षड्जाशी जुळवा. किक-बासचे असे आठ सेकंद तासभर ऐकूनही कंटाळा आला नाही की मगच वरच्या आम्ली (अ‍ॅसिड) म्हणजे चिरकत जाणाऱ्या सिंथच्या ओळी रचायला घ्या. कोणत्या यंत्राने आवाज 'मूळ' होतो ही चर्चा मला मुळीच पटत नाही. टीबी-३०३ हे यंत्र रोलँडने १९८१ साली बास गिटारच्या जागी वापरण्यासाठी काढले होते, आणि पुढच्याच वर्षी मुंबईत चरणजित सिंग या वादकाने ते वापरून राग ध्वनिमुद्रित केले आणि त्यांची तबकडी निघाली. तिच्याकडे तेव्हा फारसे कोणी पाहिले नाही, आणि २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा जग थक्क झाले. कोणीतरी ती तबकडी नावासकट जपून ठेवली होती म्हणूनच हे घडले.

उरलेले पैसे सीडींना ठेवा. ड्रॅगनफ्लाय, टिप, फ्लाइंग ऱ्हायनो, ब्लू रूम, मात्सुरी या कंपन्यांच्या जुन्या सीडी डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर मिळतात, आणि तिथे प्रत्येक आवृत्तीचे आकडे नोंदलेले असल्यामुळे सीडीच्या आतल्या कड्यावर कोरलेला क्रमांक ताडून पाहता येतो. त्या क्रमांकाचा फोटो विक्रेत्याकडे मागितल्याशिवाय पैसे देऊ नका. सीडी उतरवल्यावर फ्लॅक (आवाजातले काहीही न गमावणारी फाइल) ठेवा, एमपी३ वर भागवू नका. माझ्या सातपैकी तीन टेपा मी जागा वाचवण्यासाठी एमपी३ करून मूळ फाइली पुसल्या होत्या, आणि त्या आता कधीच परत येणार नाहीत. सातारा कोरडे असले तरी पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या दरवर्षी बदला.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. प्रत्येक डॅट ४८ चीच असते असे नाही. साध्या यंत्रावर अ‍ॅनालॉग जोडणीतून भरलेली बहुधा ४८ ची असते, सीडीसाठी तयार केलेली पुष्कळदा ४४.१ ची, आणि लाँग प्लेवर (जास्त वेळ मावेल अशा सावकाश गतीवर) भरलेली ३२ ची. माझ्याही सातपैकी तीन ४४.१ च्याच निघाल्या. दुसरे असे की ज्यांच्या बोटांना खरी बटणे फिरवल्याशिवाय सुचत नाही अशी माणसे असतात. तुम्ही त्यांतले असाल तर वर्षभरानंतर एखादा जुना सिंथ खुशाल घ्या. तिसरे म्हणजे त्या टेपांवरचे संगीत माझे नाही, म्हणून नववी रचना मी कोणाला पाठवत नाही; निळ्या स्कूटरवाला किंवा ती करणारा माणूस भेटला तर त्याची फाइल आणि बाबांची पावती दोन्ही तयार आहेत.

तुम्ही संग्रह करताय म्हणजे कधीतरी 'मूळ गोवा, श्रुतीबद्ध' अशा नावाची, १३३ च्या गतीची फाइल तुमच्यापर्यंतही पोहोचेल. तिचा बास ४२.५ हर्ट्झवर आहे का हे स्पेक्ट्रमवर (कोणत्या हर्ट्झला किती आवाज आहे ते दाखवणाऱ्या आलेखावर) पाहा, मधला माणूस म्हातारा वाटतो का ते ऐका, शीर्षनोंद ४८,००० करा, आणि फाइलच्या नावात दुरुस्तीची तारीख आणि कारण लिहून मगच ती कपाटात ठेवा.