'७३ घ्यावी की '९२?

प्रश्न : टेक्सासमध्ये राहतो. इथल्या काउबॉय नेमबाजीत (जुन्या घडणीच्या बंदुकांनी पोलादी पाट्या टिपायची स्पर्धा) मित्राची लिव्हरची रायफल, म्हणजे घोड्याखालची दांडी खाली-वर करून काडतूस भरायची, चालवली, आता स्वतःची हवी आहे. दुकानात विंचेस्टर १८७३च्या दोन नव्या आवृत्त्या दिसल्या : इटलीची उबेर्टी आणि विंचेस्टरच्याच नावाने जपानात मिरोकूने बनवलेली. शिवाय ब्राझीलची रॉसी १८९२, बरीच स्वस्त. काका, कुठली घेऊ?
– एक वाचक, डॅलस

उत्तर : पोलादी पाट्या वाजवायच्यात की रानडुकराच्या मागे जायचंय? पाट्याच असतील तर '७३.

हिच्या बाजूचा एक स्क्रू काढला की दोन्ही अंगांच्या पट्ट्या सुटतात. आत गुडघ्यासारख्या दुमडणाऱ्या दांड्या दिसतील. लिव्हर मिटली की त्या ताठ होतात आणि बोल्टला, म्हणजे काडतुसामागचं दार बंद करणाऱ्या दांडक्याला, मागून रेटून धरतात. चाल लोण्यासारखी, पण बांधणी काळ्या दारूच्या जमान्यातली, ताकद बेताचीच. '९२ची रचना बंदुकांचा कारागीर जॉन ब्राउनिंग याची. तिच्यात बोल्टच्या दोन्ही बाजूंनी दोन पोलादी पाचरी वर सरकतात. डुकरासाठी जड काडतुसं वापरणार असाल तर हीच, आणि रॉसी घेतलीत म्हणून नाक मुरडू नका.

मिरोकूचं काम नीटस. लाकूड-लोखंडाच्या सांध्यात नख शिरत नाही. तरी स्पर्धेसाठी मी उबेर्टी घेईन, कारण लिव्हरची चाल आखूड करणाऱ्या दांड्या तिला सहज मिळतात. माझा जन्म टूलरूममध्ये गेला. ज्याचे सुटे भाग मिळतात त्यावर माझा जीव.

आता काडतूस. माझी पहिली लिव्हर .४५ कोल्टची, 'अस्सल काउबॉय' म्हणून घेतलेली. पहिल्याच दिवशी घरी आलो तर बायको म्हणाली, "चूल फुंकून आलात का?" उजवा गाल काजळलेला! कमी दारू भरली की काडतुसाची ती जाड पितळी पुंगळी पुरती फुगत नाही आणि धूर मागे तोंडावर येतो. वर अस्सल म्हणावी तर जुन्या '७३ मध्ये .४५ कोल्ट कधी नव्हतंच, तिचं काडतूस .४४-४०. त्याची पुंगळी तोंडाशी पातळ, धूर अडवते, पण महाग. तुम्ही .३५७ची रायफल घ्या आणि स्पर्धेत तिच्यातूनच सौम्य .३८ स्पेशल काडतुसं झाडा. खिशाला आणि खांद्याला दोन्हीला बरं.

काडतुसं घरी भरणार असाल तर लांबी मापूनच भरा. '७३ मध्ये पितळी ठोकळा काडतूस लिफ्टसारखं वर नेतो. जरा लांब झालं की लिफ्ट अडकलीच. दुकानात लिव्हर पूर्ण खालपर्यंत नेऊन पाहा, मात्र विचारल्याशिवाय रिकामा घोडा पाडू नका. दुकानदार चिडतात.