ओट्यापाशी : हॉब, शेगडी की इंडक्शन?

प्रश्न : लालबागला आमच्या चाळीचा पुनर्विकास होऊन नव्या इमारतीत घर मिळालं. पाइप गॅस आलाय. ट्रॉलीवाला म्हणतो, आता शेगडी कोण ठेवतं, चार बर्नरचा काचेचा हॉब बसवा, ओटा सपाट दिसेल. सासूबाई म्हणतात शेगडीच बरी. स्वयंपाक आम्ही दोघी करतो. रोज भाकरी, आठवड्यातून दोनदा मासे. काय करू?
(एक वाचक, लालबाग)

उत्तर : ताई, ट्रॉलीवाला बिल घेऊन जाईल, त्या ओट्यापाशी रोज उभ्या राहणार तुम्ही दोघी. तेव्हा आधी सासूबाईंना ओट्यापाशी उभं करा आणि हातात डाव द्या.

ओटा साधारण ३३-३४ इंच उंच असतो. त्यावर शेगडी ठेवली की भांड्याचं बूड आणखी चार-पाच इंच वर जातं, वर टोपाची उंची वेगळी. पाच फुटांच्या बाईला मोठ्या टोपातला भात ढवळताना कोपर पार खांद्याशी न्यावं लागतं. मग खांदा दुखतो आणि दोष वयाला जातो. हॉबचं तसं नाही. त्याचं धूड दगडात बसतं, वर राहते ती जाळी. भांडं दोन-तीन इंच तरी खाली येतं. माझ्या मते हॉबचा खरा फायदा हा आहे, ‘सपाट दिसतो’ हा नव्हे. तुमचा ओटा अजून बांधायचा असेल तर दुसरा रस्ताही आहे : शेगडी घ्या आणि शेगडीपुरता ओटा तीस इंचांवर ठेवा. गवंडी कुरकुर करेल. करू दे.

आता बर्नर किती? आमचं दादरला दुकान होतं तेव्हा मी गिऱ्हाइकाला सांगायचे, घरातला सगळ्यात मोठा टोप आणि भाकरीचा तवा घेऊन या. लोक हसायचे, पण जे आणायचे ते तीन बर्नर घेऊन जायचे. साठ सेंटिमीटरच्या हॉबवर बर्नर दिसतात चार, पण पुढे तवा आणि मागे कालवणाचा टोप ठेवला की कुकरला जागा उरत नाही, कान एकमेकांत अडकतात. शिवाय मागच्या बर्नरवरचं ढवळायचं म्हणजे पुढच्या जाळावरून हात न्यायचा, बरोबर पदर किंवा ओढणीही जाते. ७५ सेंटिमीटरचा तीन बर्नरचा घ्या, मोकळं वाटेल.

नवं घर वरच्या मजल्यावर असेल आणि ओटा खिडकीखाली असेल तर ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद करणारी सोय असलेलाच हॉब घ्या. बर्नरशेजारी एक बारीक दांडी असते; ती तापलेली आहे तोवर गॅसची झडप उघडी राहते, गार झाली की बंद. वारा आला, दूध उतू जाऊन ज्योत विझली, तरी गॅस घरात पसरत नाही. त्यासाठी पेटवताना नॉब चार-पाच सेकंद दाबून धरावा लागतो. हे सासूबाईंना पहिल्याच दिवशी करून दाखवा, नाहीतर ‘पेटतच नाही मेला’ म्हणून संध्याकाळी तक्रार येईल.

आणि ग्रॅनाइट कापायच्या आधी हॉब घरात आणा. नुसत्या मापाच्या कागदावर विसंबून दगड कापू नका. दर मॉडेलचा काप वेगळा. दहा वर्षांनी हॉब बदलाल तेव्हा नव्याला याच भोकात बसायचंय. भोक लहान असेल तर कापून मोठं करता येतं, मोठं झालं तर दगड बदलावा लागतो. हॉबच्या खालच्या कपाटाला हवेसाठी जाळीचं दार किंवा भोकं ठेवा. बरेचसे बर्नर तिथूनच हवा ओढतात, आणि कधी गळती झालीच तर गॅस कोंडून राहू नये. तिथे प्लॅस्टिकच्या डब्यांचा ड्रॉवर नको.

दुरुस्तीचं एक लक्षात ठेवा. शेगडी काखेत मारून कोपऱ्यावरच्या दुकानात नेता येते. हॉबला माणूस घरी बोलवावा लागतो आणि तो त्याच्या सवडीने येतो.

भाकरी जाळावर शेकायला हॉबची बिडाची उंच जाळी छान, पण पीठ झडून बर्नरच्या भोकांत बसतं. पितळी बर्नर घ्या, तो काढून घासता येतो, वाकडा होत नाही. पुन्हा ठेवताना नीट खाचेत बसवा, नाहीतर एका बाजूने ज्योत उसळते. माझं मत विचाराल तर तीन बर्नरचा, पितळी बर्नरचा, स्टीलचा हॉब. स्टील दिसायला दवाखान्यातल्या टेबलासारखं, पण माशांचं कालवण उतू गेलं तर घासणीने घासता येतं, काचेला जपावं लागतं. सासूबाईंना सांगा, नॉब तोच, जाळ तोच, हात तेवढा खाली आला.

प्रश्न : हॉब बसवल्यावर आमची जुनी शेगडी चिपळूणजवळ गावच्या घरी पाठवली. मुंबईत पाइप गॅसवर उत्तम चालायची. गावी सिलिंडरला जोडली तर ज्योत वीतभर उंच आणि पिवळी, भांडी काळीकुट्ट. रेग्युलेटर बदलला, तरी तेच.
(एक वाचक, कांजूरमार्ग)

उत्तर : दादा, आज गावी फोन करा आणि ती शेगडी बंद ठेवायला सांगा. बाकीचं मग वाचा.

पाइपमधून येतो तो नैसर्गिक वायू. तेवढ्याच आकारमानात त्यात सिलिंडरच्या गॅसपेक्षा निम्म्याहून कमी उष्णता असते आणि तो येतोही कमी दाबाने. म्हणून पाइप गॅस जोडताना शेगडीतले जेट, म्हणजे ज्यांच्या बारीक भोकातून गॅस बर्नरमध्ये येतो ते तुकडे, बदलून मोठ्या भोकाचे घालतात. तुमच्या शेगडीत ते तसेच आहेत. त्या मोठ्या भोकांतून सिलिंडरचा गॅस नको इतका बाहेर पडतोय, त्याला पुरेशी हवा मिळत नाही, म्हणून पिवळी ज्योत आणि काजळी. काजळी दिसते तरी. अर्धवट जळलेल्या गॅसातून कार्बन मोनॉक्साइडही निघतो, त्याला रंग नाही, वास नाही. रेग्युलेटर बदलून काही होणार नाही. गावच्या गॅस एजन्सीच्या मेकॅनिककडून सिलिंडरचे जेट घालून घ्या, नळीही नवी घ्या, आणि ज्योत निळी, आखूड, आवाज न करणारी झाली की मगच वापरा. जेटचं भोक हातोडीने ठोकून बारीक करून देणारे कारागीर भेटतात. त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा.

उलट झालं, म्हणजे सिलिंडरची शेगडी तशीच पाइपला लावली, तर धोका कमी पण कुकरची शिट्टी काही होत नाही. मुंबईत नव्याने पाइप गॅस आलेल्या घरांतून ‘गॅसला जोरच नाही’ अशी तक्रार येते, तिथे आधी जेट बघावेत.

प्रश्न : आमच्या काचेच्या शेगडीची काच रात्री, गॅस बंद असताना, धडाक्याने फुटली. शेजारी सिलिंडर गेला समजून धावत आले. असं कसं होतं?
(एक वाचक, भांडुप)

उत्तर : ही काच मुद्दाम तापवून एकदम गार केलेली असते. त्यामुळे वरचा थर दाबलेला आणि आतला ताणलेला राहतो. म्हणूनच ती साध्या काचेपेक्षा दणकट. पण कुकर आपटून कडेचा एखादा टवका उडाला, किंवा कारखान्यातूनच आत बारीक दोष आला, तर तो ताण कधीतरी सुटतो आणि सगळी काच एकदम खडीसारखी होते. ते त्याच वेळी होईल असं नाही, रात्रीही होतं. पसरट कढई किंवा मोठा तवा तासन् तास ठेवला की उष्णता खाली परतून काचेवर येते, आणि मग तापल्या काचेवर गार फडकं फिरवलं की झालंच. बर्नरखाली गॅस गळत असेल तर तिथे छोटी आग लागून काच तडकते, तेव्हा दुरुस्तीवाल्याकडून तेही बघून घ्या. वॉरंटीच्या कागदावर काच धरली आहे का ते वाचा. मोठाल्या भांड्यांत रांधणाऱ्या घराला मी काच सुचवत नाही.

प्रश्न : माझं वय ७४, पत्नीचं ७०. गिरगावात जुन्या इमारतीत दोन खोल्या. हल्ली हिच्याकडून गॅस चालू राहतो, दूध करपतं. मुलगा म्हणतो, इंडक्शन घ्या. मला पेसमेकर आहे. घरातली भांडी बरीचशी पितळेची, कल्हईची. विजेचं बिल किती वाढेल?
(एक ज्येष्ठ वाचक, गिरगाव)

उत्तर : काका, पेसमेकरचं आधी. इंडक्शनच्या काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातल्या विजेने चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि भांड्याचं बूडच तापतं. लांब गेलं की हे क्षेत्र झपाट्याने कमी होतं, म्हणून पेसमेकरवाल्यांना सुमारे दोन फूट अंतर ठेवायला सांगतात. तरी पेसमेकरचं कार्ड घेऊन तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि घेतलंत तर सकाळचा पहिला चहा काकूंनीच करायचा, तुम्ही नाही. त्या खूश होतील असं मी म्हणत नाही.

विसराळूपणाला इंडक्शन नक्की बरं. भांडं उचललं की तापणं थांबतं, टायमर लावला की वेळ झाल्यावर बंद होतं. पण टायमर न लावता ठेवलेलं दूध त्यावरही उतू जातं, एवढं काकूंना सांगा. काचेवर नुसता स्पर्श करायच्या बटणांचं नको, ओल्या बोटांना ती दाद देत नाहीत. दाबायची बटणं किंवा फिरवायचा नॉब असलेलं बघा.

मला काळजी आहे ती तुमच्या वायरिंगची. २००० वॉटचं इंडक्शन जवळजवळ ९ अँपिअर ओढतं. मिक्सरच्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर ते लावलं की प्लग तापतो, काळा पडतो, वितळतो. १६ अँपिअरचा पॉइंट हवा, मेनपासून वेगळी वायर हवी, अर्थिंग हवं. जुन्या इमारतींत पुष्कळदा पॉइंट नवा आणि भिंतीतली वायर आजोबांच्या काळची असते, म्हणून वायरमनला बोर्ड उघडून बघायला लावा. एक्स्टेन्शन अजिबात नको.

भांडी? फ्रिजवरचं चुंबक घ्या आणि बुडाला लावा. चिकटलं तर चालेल. पितळ, तांबं, अ‍ॅल्युमिनियम, सगळं बाद. स्टीलमध्येही काही चिकटतात, काही नाही. लोखंडी तवा चालतो, पण सपाट बुडाचा. खोलगट तव्यावर मधे भाजेल आणि कडा कच्च्या राहतील. भुलेश्वरला भांडी घ्यायला जाल तेव्हा चुंबक खिशात ठेवा. पितळेची भांडी मोडीत घालू नका, गॅस राहणारच आहे.

बिलाचा हिशेब असा. १४.२ किलोच्या सिलिंडरमधली उष्णता सुमारे १८० युनिट विजेइतकी. पण शेगडीवर तिचा तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, भांड्याच्या बाजूने निघून जातो. इंडक्शनवर वाया फार कमी जातं. तेव्हा एका सिलिंडरचं काम साधारण १३० ते १५० युनिटांत होतं. आता तुमचं बिल काढून बघा : शंभर युनिटांपर्यंत दर कमी, १०१ पासून पुढचा टप्पा महाग, ३०० नंतर आणखी. इंडक्शनची युनिटं तुमच्या आताच्या वापराच्या वर चढतात, म्हणजे महागड्या टप्प्यातली. त्या दराने १४० ला गुणा आणि सिलिंडरच्या किमतीशी ताडून पाहा. तुम्ही दोघंच आहात, सगळं रांधणार नाही, म्हणून फरक फार पडायचा नाही.

मी सुचवेन ते हे : दूध, चहा, आमटी गरम करणं इंडक्शनवर. पोळ्या-भाकरी गॅसवर, घरात तिसरं माणूस असताना. बाकी वेळ गॅसचा मेन कॉक बंद. गॅस पूर्ण काढून टाकू नका. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी सगळ्या मुंबईची वीज गेली होती, तेव्हा नुसत्या इंडक्शनवाल्यांनी शेजाऱ्यांकडे चहा प्यायला.

प्रश्न : इन्फ्रारेड शेगडीवर कुठलंही भांडं चालतं म्हणतात. माझी सगळी हिंडालियमची आहेत. घेऊ का?
(एक वाचक, अंधेरी, भाड्याची खोली)

उत्तर : चालतं. इन्फ्रारेडमध्ये काचेखालची तार लाल होते आणि आधी काच तापते, मग भांडं. चुंबकाची भानगड नाही, बूड सपाट असलं की पुरे. वांगंही भाजता येतं. पण इंडक्शनपेक्षा वीज जास्त जाते, चहाला वेळ लागतो, आणि बंद केल्यावर काच बराच वेळ पोळते. इंडक्शनची सवय असलेले तिथेच फसतात, लगेच पुसायला जातात. एकट्या माणसाला मी एक सपाट बुडाचा स्टीलचा कुकर, एक पातेलं आणि साधं इंडक्शन घ्यायला सांगेन. १६ अँपिअरचा पॉइंट खोलीत आहे का ते डिपॉझिट द्यायच्या आधी बघा; नंतर घरमालक फोन उचलत नाहीत.