डोमेनच्या नावात कीवर्ड असला तर साइट गूगलवर वर येते का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सायकल दुरुस्तीवर तुमची दोनेक वर्षं जुनी साइट आहे, तिचं नाव तुम्ही स्वतः बनवलेलं आहे आणि त्यात सायकल हा शब्द कुठेच नाही. आता एकजण 'सायकलरिपेअर' असं सरळसोट कीवर्डवालं (म्हणजे लोक सर्चमध्ये टाकतात तेच शब्द असलेलं) डोमेन चढ्या भावात विकतोय आणि म्हणतोय की हे घ्या, साइट इकडे हलवा, गूगलवर आपोआप वर याल. तर घ्यावं का?

रँकिंगसाठी घेत असाल तर घेऊ नका. दुसऱ्या काही कारणासाठी घ्यायचं असेल तर तो हिशोब वेगळा, त्यावर खाली लिहितो. मी सर्चचंच काम करतो आणि हा प्रश्न विचारणारे बहुतेक लोक पैसे देऊन मोकळे झाल्यावर विचारतात, तुम्ही आधी विचारताय हे खूप चांगलं केलंत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विकणारा अगदीच थापा मारत नाहीये बरं का, तो जुनी गोष्ट सांगतोय. 2010 च्या आसपास हे खरोखर चालायचं. लोक सर्चमध्ये जे शब्द टाइप करतात नेमके तेच शब्द जोडून केलेलं डोमेन, एसइओवाले, म्हणजे साइट सर्चमध्ये वर आणायचं काम करणारे, त्याला एक्झॅक्ट मॅच डोमेन किंवा नुसतं ईएमडी म्हणतात, ते घ्यायचं, त्यावर चार-पाच पानं टाकायची, मजकूर जेमतेम, जाहिराती भरपूर, आणि साइट पहिल्या पानावर. याची कारणं दोन होती. एक तर सर्च इंजिन डोमेनमधल्या शब्दांना थेट थोडं वजन द्यायचं. आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, ते लिंकचं. कोणी तुमच्या साइटला लिंक देताना साधारणपणे साइटचं नावच लिहितो ना, आता नावच 'सायकल रिपेअर' असेल तर लिंकवर जे शब्द दिसतात, म्हणजे अँकर टेक्स्ट, ते फुकटात तुमचा कीवर्ड बनतात, आणि गूगल तर अगदी सुरुवातीपासून पान कशाबद्दल आहे हे ठरवताना बाकीचे लोक त्या पानाला काय म्हणून लिंक करतात ते बघत आलंय. म्हणजे डोमेनचा जो फायदा लोकांना दिसायचा त्यातला बराचसा या लिंकमधून आलेला असायचा.

मग तक्रारी सुरू झाल्या. गूगलच्या वेबस्पॅम टीमचे तेव्हाचे प्रमुख मॅट कट्स यांनी 2011 मध्ये एका व्हिडिओत सांगितलं की डोमेनमधल्या कीवर्डला आपण जरा जास्तच वजन देतोय असं लोक म्हणतायत आणि ते थोडं कमी करायचा आमचा विचार चाललाय. तरीही पुढचं दीड वर्ष लोक अशी डोमेन गोळा करतच राहिले. शेवटी 28 सप्टेंबर 2012 ला कट्स यांनीच ट्विटरवर जाहीर केलं की हलक्या दर्जाची एक्झॅक्ट मॅच डोमेन रिझल्टमध्ये कमी दिसतील असा एक छोटा बदल येतोय आणि अमेरिकेतल्या इंग्रजी सर्चपैकी 0.6 टक्के सर्चवर तो जाणवेल. आकडा लहान वाटतो, पण ज्यांच्याकडे अशा शेकडो साइट्स होत्या आणि दुसरं काहीच नव्हतं त्यांचं ट्रॅफिक एका फटक्यात गेलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गूगलचं पेंग्विन नावाचं अपडेट आलं होतं, ते बनावट आणि जबरदस्तीने कीवर्ड कोंबलेल्या लिंकवर, त्यामुळे अँकर टेक्स्टवाला रस्ताही अरुंद झाला.

यातला 'हलक्या दर्जाची' हा शब्द सोडू नका. नावात कीवर्ड आहे म्हणून शिक्षा, असं तेव्हाही नव्हतं आणि आजही नाहीये. नावाशिवाय ज्यांच्याकडे काही नव्हतं त्यांचा नावामुळे मिळणारा फुकटचा फायदा काढून घेतला, एवढंच. म्हणून कीवर्डवाल्या नावाच्या चांगल्या साइट्स आजही वर दिसतात, आणि विकणारे नेमके त्यांचेच स्क्रीनशॉट दाखवतात. पण त्या साइट्स नीट उघडून बघा, बहुतेक खूप जुन्या असतात, वर्षानुवर्षं लोकांनी त्यांना लिंक दिलेल्या असतात, आत माहिती दांडगी असते. नाव त्यांनी पहिल्याच दिवशी घेतलं आणि पुढे दहा-पंधरा वर्षं काम केलं, त्या कामाचं श्रेय आपण नावाला देऊन टाकतो. खात्री करायची असेल तर उलटं करून बघा, सायकल दुरुस्तीचे वीस-पंचवीस वेगवेगळे सर्च मारा आणि पहिल्या पानावरच्या किती साइट्सच्या नावात ते शब्द आहेत ते मोजा, तुमचं तुम्हालाच कळेल.

आता आज गूगल स्वतः काय म्हणतं. त्यांच्या रँकिंग सिस्टीम्सच्या अधिकृत पानावर एक्झॅक्ट मॅच डोमेन सिस्टीमची वेगळी नोंद आहे. त्यात म्हटलंय की डोमेनमधले शब्द हा पान विषयाशी जुळतं का हे ठरवणाऱ्या अनेक घटकांपैकी एक आहे, पण केवळ सर्चशी तंतोतंत जुळावं म्हणून बनवलेल्या डोमेनला फार श्रेय मिळू नये याची ही सिस्टीम काळजी घेते. नवीन लोकांसाठी त्यांची जी एसइओ स्टार्टर गाईड आहे, ती 2024 च्या सुरुवातीला नव्याने लिहिली, त्यात तर अजून स्पष्ट आहे की डोमेनमधल्या किंवा यूआरएलमधल्या (पानाच्या पूर्ण पत्त्यातल्या) कीवर्डचा रँकिंगवर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरोधात नाहीत. पान सायकल दुरुस्तीबद्दल आहे हे गूगलला टायटलवरून, हेडिंगवरून, मजकुरावरून, फोटोंवरून आधीच कळलेलं असतं, मग डोमेनने तेच परत सांगितलं तर त्यात नवीन काय मिळालं? 2024 च्या मे महिन्यात गूगलच्या आतल्या एपीआयची, म्हणजे त्यांचे प्रोग्राम एकमेकांशी कसे बोलतात याची, कागदपत्रं फुटली होती, त्यातही 'एक्झॅक्ट मॅच डोमेन डिमोशन' नावाची एक नोंद होती. तिला किती वजन आहे, ती नेमकी कशी वापरतात हे त्यात नव्हतं, पण चढवण्याचं नाही तर उतरवण्याचं फील्ड आहे, यावरून दिशा कळते. आणि मायक्रोसॉफ्टचं सर्च इंजिन बिंग अजून अशा नावांना भुलतं असं कोणी म्हणालं तर त्यांनीही 2014 मध्ये यूआरएलमध्ये कीवर्ड कोंबणाऱ्यांविरुद्ध फिल्टर लावल्याचं जाहीर केलं होतं.

आता मला जे सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते सांगतो, कारण याबद्दल फार कमी लोक बोलतात. तुमचं आत्ताचं बनवलेलं नाव समजा शंभर लोकांनी सर्चमध्ये टाइप केलं तर त्या शंभर लोकांना कोण हवंय? तुम्हीच. त्या नावाची दुसरी काही गोष्टच जगात नाही, त्यामुळे गूगलला डोकं लावावं लागत नाही, पहिला रिझल्ट तुमचाच, आणि उद्या तुमचं रँकिंग बाकी सगळीकडे घसरलं तरी ही माणसं तुमच्यापर्यंत पोचतातच. आता तेच शंभर लोक 'सायकल रिपेअर' टाइप करतात. त्यातले काही तुमच्याच साइटला शोधत असतील, तुमचा एखादा लेख आवडला होता, परत यायचं होतं, पण गूगलला ते कळायला मार्गच नाही, त्याच्या दृष्टीने हा माणूस सायकल दुरुस्त करायला निघालाय, म्हणून तो त्याला व्हिडिओ दाखवतो, जवळची दुकानं दाखवतो, मोठ्या साइट्स दाखवतो, आणि तुम्ही असलात तर असलात. म्हणजे पैसे देऊन तुम्ही असं नाव घेताय की ज्या नावाने तुम्हालाच कोणी शोधू शकत नाही! दोन वर्षं मेहनत करून जे थोडेफार वाचक तुम्हाला नावाने ओळखायला लागलेत तेही या गर्दीत सोडून द्यायचे. मला हे नुकसान कुठल्याही अल्गोरिदमच्या नुकसानापेक्षा मोठं वाटतं.

रिझल्टमध्ये लिंकच्या वर साइटचं जे नाव दिसतं ना, त्याबद्दलही गूगलच्या सूचनांमध्ये लिहिलंय की अगदी सर्वसाधारण वर्णन असलेलं नाव, ते खूप प्रसिद्ध ब्रँड झालेलं नसेल तर, साइटचं नाव म्हणून निवडलं जाण्याची शक्यता कमी असते. आणि 2025 च्या जानेवारीपासून मोबाइलवर रिझल्टमधला लांब यूआरएलचा रस्ता काढून नुसतं डोमेन दाखवायला लागलेत, त्यामुळे डोमेन माणसाच्या डोळ्याला कसं दिसतं याला महत्त्व आलंय. तीन-चार शब्द हायफनने जोडलेलं नाव बघून माणूस क्लिक करताना बिचकतो, हा विश्वासाचा प्रश्न आहे. हायफन गूगलला चालतो, त्यात तांत्रिक अडचण काही नाही, पण फोनवर कोणाला साइटचं नाव सांगायची वेळ आली की कळतं.

विकणारा कदाचित हेही म्हणेल की मोठ्या कंपन्या अशा नावांना कोट्यवधी मोजतात. मोजतात. क्विनस्ट्रीट नावाच्या कंपनीने 2010 मध्ये इन्शुरन्स डॉट कॉम 3.56 कोटी डॉलरला आणि कारइन्शुरन्स डॉट कॉम 4.97 कोटी डॉलरला घेतलं, हे व्यवहार सगळीकडे सांगितले जातात. पण त्या रिकाम्या पाट्या नव्हत्या, चालू धंदे होते, ग्राहक होते, येणारं ट्रॅफिक होतं. आणि सर्वसाधारण शब्दाच्या नावाला कायद्याचं संरक्षण मिळवणंही सोपं नसतं, बुकिंग डॉट कॉमला आपलं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवण्यासाठी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, 2020 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, तोही लोक ते नाव ब्रँड म्हणून ओळखतात हे त्यांना दाखवता आलं म्हणून. आपल्यासारख्या छोट्या साइटवाल्याच्या नावाची कोणी नक्कल केली तर आपण तेवढं लढणार आहोत का?

नवीन एक्स्टेन्शनचं पण विचारलंय तुम्ही, डॉट कॉमऐवजी डॉट बाइक वगैरे. गूगलने 2015 मध्येच सांगितलंय की टॉप लेव्हल डोमेनमधल्या कीवर्डने फायदा नाही आणि तोटाही नाही. देवनागरीत डोमेन घेतलं तरी गूगल ते वाचतं, त्याचीही अडचण नाही. आवडलं तर घ्या.

मग कीवर्डवालं डोमेन कधी घ्यावं? अगदी नवीन साइट असेल, नाव साध्या किमतीत मिळत असेल, आणि नावात विषयाचा एक शब्द व एक तुमचा वेगळा शब्द असेल तर मला ते आवडतं, वाचणाऱ्याला विषय कळतो आणि नाव तुमचंच राहतं. तुमच्याकडे मात्र दोन वर्षांची साइट आहे, तिला लिंक आहेत, वाचक आहेत. ती हलवायची म्हणजे प्रत्येक पानाला त्याच्या नव्या पानावर 301 रिडायरेक्ट (जुन्या पत्त्यावर आलेल्याला कायमचं नव्या पत्त्यावर पाठवणं), सर्च कन्सोलमधलं, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गूगलच्या टूलमधलं, चेंज ऑफ अॅड्रेस, साइटमधल्या सगळ्या लिंक बदलणं, आणि हे रिडायरेक्ट निदान वर्षभर तरी चालू ठेवणं, जमलं तर कायमचे. इतकं सगळं नीट केलं तरी मधले काही आठवडे रँकिंग वरखाली होतंच. काही लोक सगळी जुनी पानं नुसती नव्या होमपेजवर रिडायरेक्ट करतात, तसं अजिबात करू नका, आतल्या पानांनी कमावलेलं सगळं जातं. आणि दोन्ही डोमेनवर तोच मजकूर ठेवून 'दोन्हीकडून येतील' असा विचारही नको, गूगल त्यातलं एक धरतं आणि दुसरं बाजूला ठेवतं.

आणि एवढं वाचूनही ते डोमेन घ्यायचंच ठरवलंत तर पैसे देण्याआधी त्याचा इतिहास बघा. वेबॅक मशीनवर नाव टाकलं की पूर्वी त्यावर काय काय होतं ते दिसतं, मध्येच जुगाराची किंवा औषधांची पानं दिसली, किंवा भाषाच बदललेली दिसली, तर सोडून द्या. बॅकलिंक, म्हणजे बाकीच्या साइट्सनी दिलेल्या लिंक, दाखवणाऱ्या कुठल्याही टूलमध्ये बघा की लिंक खऱ्या सायकलवाल्यांच्या आहेत का भलत्याच ठिकाणच्या. 2024 च्या मार्चपासून गूगलच्या स्पॅम धोरणात एक्स्पायर्ड (मुदत संपून सुटलेल्या) डोमेनचा गैरवापर हा स्वतंत्र मुद्दा झालाय, म्हणजे जुन्या डोमेनची पत वापरून त्यावर तकलादू मजकूर वर आणायचा प्रयत्न. तुमचा तसा हेतू नाही हे मला माहितीये, पण आधीच्या मालकाने काय केलं होतं ते डोमेनबरोबर तुमच्याकडे येऊ शकतं. विकणाऱ्याला सांगा की सर्च कन्सोलमध्ये मॅन्युअल अॅक्शनचं, म्हणजे गूगलच्या माणसांनी साइटवर केलेल्या कारवाईचं, पान उघडून दाखव. स्क्रीनशॉट घेऊ नका, स्क्रीन शेअर करून लाइव्ह बघा.

तेवढ्याच पैशात काय करता येईल असं शेवटी विचारलंय म्हणून सांगतो. तुमच्या सर्च कन्सोलमध्ये परफॉर्मन्सच्या रिपोर्टमध्ये जा, ज्या सर्चवर तुम्ही आठव्या ते विसाव्या नंबरवर दिसताय त्यांची यादी काढा, आणि त्यातल्या वरच्या दहा पानांवर स्वतः दुरुस्ती करतानाचे चांगले फोटो, कुठल्या कामाला किती नंबरचा पाना लागतो, साखळी निसटली तर आधी काय बघायचं, असं जे दुसऱ्या साइट्सवर नाही ते घाला, फोटो काढायला कोणी लागला तर त्याला पैसे द्या. काही अडलं तर कमेंटमध्ये विचारा, रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगेन.